डॉक्टरची डिग्री खरी का खोटी? खेड्यातल्या दवाखान्यात ब्लॉकचेनवर पडताळणी कशी बसवायची

आमचा दवाखाना यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे, ट्रस्टचा आहे, मी तिथं ऑफिसचं पाहतो म्हणजे केसपेपरपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळंच. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक डॉक्टर लागला. बोलायला गोड, हाताला गुण आहे असं बाया म्हणायच्या, लॅमिनेशन केलेली डिग्री, कौन्सिलचं सर्टिफिकेट, सगळ्याच्या झेरॉक्स फाइलला. साडेतीन महिने त्याने ओपीडी काढली. मंग एका योजनेचा फॉर्म भरताना मी त्याचा रजिस्ट्रेशन नंबर टाकला तं स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. मी त्याला विचारलं, तो म्हणे साइट चुकली असंल, उद्या ओरिजनल आणतो. त्या संध्याकाळपासून त्याचा फोन बंद. त्याने एका आजोबांची बीपीची गोळी बंद करायला लावली होती, त्यांना पुढं पॅरालिसिस झाला, आता बाजाराच्या दिवशी नातू त्यांना मोटरसायकलवर बसवून आणते तेव्हा माझी नजर वर होत नाही. नंबर आधीच टाकून पाहिला असता तं एक मिनिट लागलं असतं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो, अन् जे शिकलो ते इथं लिहून राहिलो. ज्यांच्या गावात असा दवाखाना आहे, आरोग्य शिबिरं होतात, नाही तं नवीन डॉक्टर ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी आहे हे.

ब्लॉकचेनच्या आधी फुकटात होणारं काम करा, कारण त्याच्याशिवाय पुढचं सगळं वाया आहे. डॉक्टरने आपला रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात, चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर अन् पैशाच्या पावतीवर लिहायलाच पाहिजे असा २००२ चा नियम आहे. म्हणजे नंबर मागण्यात काही उद्धटपणा नाही, बिनधास्त मागा. एमबीबीएस असंल तं तो नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा असते, बऱ्याचदा वर्ष, महिना अन् पुढं एक आकडा अशा चालीचा. कौन्सिलच्या साइटवर टाका. नाव जुळते का, डिग्री तीच आहे का, रिन्युअल चालू आहे का ते पाहा, रिन्युअल दर पाच वर्षांनी करावं लागते अन् लोक इथंच नजर टाकत नाहीत. वर एमडी, एमएस, डीजीओ असं काही लिहिलं असंल तं तीसुद्धा कौन्सिलकडे ज्यादा पात्रता म्हणून नोंदलेली पाहिजे, नुसत्या बोर्डावर नको. बीएएमएस, बीयूएमएस असंल तं महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, बीएचएमएस असंल तं होमिओपॅथीचं वेगळं कौन्सिल. मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव सापडलं नाही म्हणून बीएएमएसवाल्याले बोगस म्हणू नका, हे मी आमच्याच सरपंचाले करताना पाहिलं अन् त्या बिचाऱ्या डॉक्टरले दोन दिवस तोंड दाखवायची चोरी झाली. अन् बोर्डावर नुसतं आर.एम.पी., म्हणजे नोंदणीकृत डॉक्टर, असं लिहिलं असंल तं त्याने काहीच सिद्ध होत नाही, नंबर कुठाय ते विचारा.

केंद्राचं नॅशनल मेडिकल रजिस्टर ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं, त्यातही शोधा, पण बऱ्याच डॉक्टरांनी अजून तिथं नोंद केलेली नाही, म्हणून तिथं नाव नाही याचा अर्थ खोटा असा होत नाही. तिथं आहे तं चांगलं, नाही तं राज्याच्या कौन्सिलचं पाहा.

एक गोष्ट आपल्या विदर्भातल्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये झालं. त्याच्या आधी नागपूरच्या मेडिकलवाल्यांची डिग्री नागपूर विद्यापीठाची असायची, यवतमाळवाल्यांची अमरावती विद्यापीठाची. आता कुणी १९९५ ची एमबीबीएस दाखवून राहिला अन् वर नाशिकच्या विद्यापीठाचा शिक्का असंल तं तो कागद तिथंच खाली ठेवा. उलट एखाद्या साठीच्या डॉक्टरकडे नागपूर विद्यापीठाची डिग्री असंल तं त्यात संशय घ्यायचं काही नाही.

आता प्रश्न हा की एवढं सगळं साइटवर दिसते तं ब्लॉकचेन कशाला? मीही हेच म्हणायचो. पण साइटवर फक्त कौन्सिलची नोंद दिसते. आधीच्या दवाखान्याचं अनुभवाचं पत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं, सोनोग्राफीच्या ट्रेनिंगचं, दुसऱ्या राज्यातून आलेल्याचं गुड स्टँडिंग म्हणजे तिथल्या कौन्सिलचं याच्यावर काही ठपका नाही असं पत्र, हे सगळे कागद एकेका ऑफिसात पत्र पाठवून तपासावे लागतात. प्रत्येक दवाखाना नव्याने तपासते. आम्ही तपासलं, मंग तोच डॉक्टर दिग्रसला गेला तं त्यांनी पहिल्यापासून, तिथून पुसदला गेला तं परत पहिल्यापासून, अन् डॉक्टरची वाट पाहणारे पेशंट तोवर बाहेर पायरीवर. एकदा नीट तपासलेलं दुसऱ्याले एका मिनिटात दिसलं पाहिजे अन् मधे कुणी त्यात हात घातला तं लगेच कळलं पाहिजे, ब्लॉकचेनचा उपयोग एवढाच आहे. याहून जास्त कुणी सांगत असंल तं तो काहीतरी विकून राहिला.

ब्लॉकचेन चालते हॅशवर, म्हणजे फाइलवरून कॉम्प्युटरने काढलेल्या एका खुणेवर. हॅश काय ते हाताने करून पाहा, वाचून कळत नाही. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहा, कुणाचंही मनातलं नाव, एमबीबीएस, २०११, अन् फाइल सेव्ह करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्यात सर्टयूटिल नावाची सोय आधीपासूनच असते, तिला सांगा या फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढ. आकडे अन् अक्षरं मिळून ६४ खुणांची एक लांब ओळ येते. आता २०११ चं २०१२ करा अन् परत काढा. पूर्ण ओळ बदलली. नुसती एक स्पेस जास्त पडली तरी बदलते. अन् त्या ओळीवरून उलटं जाऊन आतलं नाव वाचता येत नाही. ही झाली कागदाच्या अंगठ्याची निशाणी.

अन् चेन म्हणजे काय, तं आपल्याकडे कोणत्या शेतकऱ्याले फेरफार समजावून सांगावा लागते? जमीन विकली तं सातबाऱ्यावरचं जुनं नाव पुसून टाकत नाहीत, त्याला कंस करतात, खाली नवीन नाव येते अन् बाजूला फेरफाराचा नंबर. ब्लॉकचेनही तसंच लिहिते, काही पुसत नाही. वरून दोन गोष्टी जास्त. प्रत्येक नवीन पानावर मागच्या पानाचा हॅश लिहिलेला असते, म्हणून कुणी मधलंच पान बदललं तं पुढची सगळी पानं बोंबलतात. दुसरं म्हणजे ही वही एकाच तलाठ्याच्या कपाटात नसते, अनेक कॉम्प्युटरवर सारखीच असते. पण मूळ फेरफारच चुकीचा घेतला असंल तं? मंग चुकीचाच पक्का होते. आमच्या त्या माणसाची झेरॉक्स न तपासता चेनवर टाकली असती तं जगातल्या कोणत्याही मशीनने ती खरीच दाखवली असती. म्हणून मी परत परत सांगतो, चेनवर टाकायच्या आधीचे चार दिवस महत्त्वाचे आहेत, टाकणं तं पाच मिनिटांचं काम आहे.

हे आपल्या भागात होईल का असं विचारणाऱ्यांना मी एटापल्लीचं सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातलं एटापल्ली, २०२२ मध्ये तिथल्या उपविभागाने ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर घ्यायचं काम हाती घेतलं, म्हणजे दाखला खोटा का खरा ते क्यूआर स्कॅन करून कुणालाही पाहता यावं. त्याच्या आदल्याच वर्षी राज्याच्या कौशल्य विकास मंडळानेही डिप्लोमा सर्टिफिकेटसाठी असंच केलं. जगात पाहायचं तं अमेरिकेतल्या एमआयटीने २०१७ मध्ये १११ विद्यार्थ्यांना अशा डिजिटल डिग्र्या दिल्या, अन् इलिनॉय राज्याने त्याच वर्षी डॉक्टरांच्या लायसन्ससाठीच प्रयोग धरला. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये विश्वस्य नावाचा सरकारी ब्लॉकचेन संच आणला, त्याची यंत्रणा भुवनेश्वर, पुणे अन् हैदराबादच्या डेटा सेंटरमध्ये आहे. एटापल्लीत दाखल्याले जमते तं आपल्या तालुक्यात डॉक्टरच्या कागदाले काहून नाही जमणार?

आता बसवायचं कसं.

पहिलं ठरवा की तुम्ही कशाची खात्री देऊन राहिले. डिग्री खरी आहे हे फक्त विद्यापीठ सांगू शकते, रजिस्ट्रेशन खरं आहे हे फक्त कौन्सिल. दवाखाना एवढंच म्हणू शकते की अमुक तारखेला आम्ही अमुक ठिकाणी तपासलं अन् हे असं आढळलं, अन् हा डॉक्टर आमच्याकडे या तारखेपासून या तारखेपर्यंत होता. तुमची नोंद याच शब्दात लिहा. तपासणाऱ्याचं नाव अन् तारीख नसलेली नोंद बिनकामाची.

दुसरं, डॉक्टरची लेखी संमती घ्या. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, अन् कायदा नसता तरी माणूस म्हणून विचारायलाच पाहिजे. चेनवर नाव, जन्मतारीख, आधार, फोटो, काही म्हणजे काही टाकायचं नाही, फक्त हॅश टाकायचा. चेनवरचं पुसता येत नाही हा तिचा गुण आहे अन् तोच धोकाही आहे, कुणाचा आधार नंबर एकदा त्यात गेला तं तो कायमचा गेला. मूळ माहिती दवाखान्यात अन् डॉक्टरच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये राहील.

इथं एक बारीक गोष्ट आहे जी मला नागपूरच्या एका इंजिनिअर मुलीने समजावली. नुसता रजिस्ट्रेशन नंबर हॅश केला तं तो लपत नाही, कारण त्याचा साचा माहीत आहे, कुणी कॉम्प्युटर लावून सगळे संभव नंबर हॅश करून पाहिले तं कोणता हॅश कोणाचा ते निघते. म्हणून प्रत्येक नोंदीत एक लांबलचक रँडम आकडा मिसळायचा, प्रत्येकासाठी वेगळा. त्याला सॉल्ट म्हणतात. ही गोष्ट सोडू नका, बनवून देणाऱ्याला विचारा की मीठ टाकलं का.

तिसरं, हॅश कशाचा काढायचा? स्कॅन केलेल्या फोटोचा काढू नका. आम्ही सुरुवातीला हेच केलं अन् दोन दिवस डोकं लावून बसलो. एका मॅडमचं एकदम खरं सर्टिफिकेट तपासणीत सारखं जुळत नाही असं येऊन राहिलं, त्यांना राग, आम्हाला घाम. शेवटी कळलं की त्यांनी तो फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते, डोळ्याले सारखाच दिसते पण फाइल बदलली म्हणजे हॅश बदलला. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तं जुळला असता. पण गावात कुणाकुणाले सांगणार. म्हणून आता आम्ही फोटोऐवजी माहितीचा हॅश काढतो, ठरलेल्या रकान्यांत. नाव कौन्सिलच्या नोंदीत जसं आहे तसंच, एक अक्षर इकडं तिकडं नाही. कौन्सिल कोणतं, नंबर, डिग्री, विद्यापीठ, वर्ष, कोणती पॅथी, रिन्युअल कधीपर्यंत, तपासलं कधी, कुणी. तारीख सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, आधी वर्ष मंग महिना मंग दिवस. व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल नावाचा एक जागतिक नमुना आहे, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने २०१९ मध्ये पक्का केलेला, तोच वापरा, आपल्या मनाने नवीन काढू नका, नाही तं पुसदवाल्यांचं सॉफ्टवेअर आपली नोंद वाचणारच नाही.

चौथं, सही. प्रत्येक नोंदीवर दवाखान्याची डिजिटल सही लागते अन् तिची गुप्त चावी ज्याच्या हातात तो कुणालाही डॉक्टर ठरवू शकते. ही चावी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉपला ठेवलेली मी पाहिली आहे, असं करू नका. आम्ही तीन जणांत तीन चाव्या केल्या, मोठे डॉक्टर, ट्रस्टचे सचिव अन् मी, अन् कोणत्याही दोघांनी सही केल्याशिवाय नोंद चढत नाही. एकाचं पेन ड्राइव्ह हरवलं, एकजण परगावी गेला, तरी काम अडत नाही, अन् एकट्याच्या मनात आलं तरी काही करता येत नाही. माझ्यावर विश्वास आहे म्हणून माझ्या एकट्याच्या हातात द्या असं सचिव म्हणत होते, मीच नाही म्हटलं.

कोणती चेन घ्यायची यावर लोक तासन् तास भांडतात, माझं मत विचाराल तं तेवढं महत्त्वाचं नाही. तालुक्यातले चार-पाच दवाखाने मिळून करत असाल तं हायपरलेजर फॅब्रिकसारखी परवानगीवाली चेन चालते, जिच्यात ठरलेले सभासदच येऊ शकतात, पण मंग प्रत्येकाले सर्व्हर सांभाळावा लागते अन् आपल्याकडे लाइटचा भरोसा नाही. एकटा दवाखाना असंल तं पॉलिगॉनसारखी खुली चेन सोपी. दर नोंदीला वेगळा खर्च करायची गरज नाही, जोडी-जोडीने हॅश मिळवत शेवटी सगळ्यांचा मिळून एकच हॅश निघते, तेवढाच चेनवर टाकायचा, याला मर्कल ट्री म्हणतात. पण आधी टेस्ट नेटवर्कवर म्हणजे सरावाच्या चेनवर करा, ते फुकट असते, निदान महिनाभर तिथंच चुका करून घ्या.

पाचवं, डॉक्टरची नोंद तपासायला छापून द्यायचा क्यूआर, अन् इथं फसवणुकीची मोठी जागा आहे. क्यूआर कुणीही छापू शकते. खोटा माणूस स्वतःची साइट बनवंल, क्यूआर तिकडं वळवंल अन् हिरव्या रंगात व्हेरिफाइड असं दाखवंल. म्हणून लोकांना सवय लावा की भिंतीवरच्या क्यूआरमधली लिंक उघडायची नाही. आपलं तपासणीचं पान आधी मोबाइलमध्ये उघडायचं अन् त्याच्यातूनच स्कॅन करायचं. आशाताईंच्या मोबाइलमध्ये आम्ही ते पान होम स्क्रीनवर आणून ठेवलं आहे. छपाई मोठी करा, कमीत कमी तळहाताएवढी, कारण जुन्या मोबाइलचा कॅमेरा बारीक क्यूआर धरत नाही, अन् चकाकणारं लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट त्यात चमकते.

नेटवर्क नसलं तं? आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस टॉवर बंद राहते, मेळघाटात तं विचारूच नका. नोंद सहीसकट क्यूआरमध्येच ठेवली अन् दवाखान्याची उघडी चावी, म्हणजे गुप्त चावीची जोडीदार जिने सही फक्त तपासता येते, ती आधीच मोबाइलमध्ये उतरवलेली असली तं सही नेटशिवायही तपासता येते. फक्त नंतर नोंद रद्द झाली का हे कळत नाही, ते शेवटचं नेट मिळालं तेव्हापर्यंतचंच असते, म्हणून स्क्रीनवर ती तारीख मोठ्या अक्षरात दिसली पाहिजे.

आता आमच्या त्या माणसाकडे येतो. त्याचा नंबर खरा होता, डॉक्टरही खरी होती, फक्त खुर्चीत बसलेला माणूस तो नव्हता. साइटवर नाव वेगळं आलं म्हणून तो सापडला, पण नावही त्या नोंदीतलंच सांगून कुणी आला तं ते कोणत्या चेनने पकडलं असतं? नुसत्या नोंदीने नाही. म्हणून डॉक्टरच्या मोबाइलमध्ये त्याची स्वतःची चावी असायला पाहिजे अन् नोंद त्या चावीला बांधलेली. रुजू होताना आपलं पान एक ताजा आकडा दाखवते, डॉक्टर आपल्या मोबाइलवर त्यावर सही करते, जुळली तं नोंद त्याचीच. दुसऱ्याचा नंबर पाठ करून येणारा इथं अडकते. तरीपण ओरिजनल कागद समोर ठेवून चेहरा पाहायचं सोडू नका, अन् आधीच्या दवाखान्यात फोन लावा, पण नंबर त्याने दिलेला नको, आपण शोधलेला पाहिजे.

नोंद करून विसरलं असं चालत नाही. रिन्युअल संपलं, कौन्सिलने काही काळासाठी नाव काढलं, तं आपल्याकडे स्थिती बदलली पाहिजे. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांचे नंबर परत टाकून पाहतो, चहा होईपर्यंत होते.

अन् नाही जुळलं तं काय करायचं? आधी ओरडू नका. दहा पायऱ्यांवरून गर्दी पाहत असते, एका माणसाची इज्जत आहे. स्पेलिंग पाहा, कौन्सिल बरोबर निवडलं का पाहा, साइट बंद आहे का पाहा. डॉक्टरला केबिनमध्ये बसवून विचारा. दोन दिवसांत ओरिजनल दाखवता आलं नाही तं ओपीडी थांबवा अन् तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोचपावती घ्या, त्यात तपासल्याची तारीख अन् काय आढळलं तेवढंच लिहा, आपला अंदाज लिहू नका. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तं नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, नाही तं दोन्ही असं आहे. पोलिसाचं काम पोलीस करतील, गावाने हात उचलू नये.

सगळ्यात जास्त वेळा न जुळण्याचं कारण आमच्याकडे निघालं ते लग्नानंतर बदललेलं नाव. डिग्री माहेरच्या नावाची, रजिस्ट्रेशन कधी माहेरचं कधी सासरचं, बँकेत तिसरंच. अशा डॉक्टरताईंना खोटं ठरवण्याआधी कौन्सिलकडे नाव बदलल्याचा कागद आहे का विचारा, गॅझेट मागा. तो कागद मिळाला की जुन्या नोंदीला कंस करा, खाली नवीन नोंद चढवा, दोन सह्या घ्या अन् ताईंना नवीन क्यूआर छापून द्या.